बोटभर रेघ

मित्रांनो, मला पाहून तुम्ही आधी घड्याळच म्हणाल. पितळी डबा, समोर काच, बाजूला चावीसाठी भोक. पण मी वेळ सांगत नाही. मी हवेचा दाब मोजतो, पण रोजचा, ऊनपावसाचा नव्हे. दूर कुठे फार मोठा स्फोट झाला की हवेची एक भिंतच्या भिंत सरकत येते. ती किती जोराने आली, एवढेच लिहून ठेवायला मला घडवले. आता मी जुना झालो आहे आणि मोडलोही आहे. पण माझ्या एका रेघेवर एका घराने विश्वास ठेवला होता, ती हकिकत सांगण्याइतकी आठवण मला आहे.

माझा जन्म लेनिनग्राडच्या एका कारखान्यात झाला. महायुद्ध नुकतेच संपले होते. ज्या बाकांवर विमानांची उंची दाखवणारी यंत्रे बनत, त्याच बाकांवर आम्ही बनलो. माझ्या पोटात पितळेचा एक पातळ पडदा आहे. पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी वर्तुळे त्यावर दाबून काढली आहेत. बाहेरच्या हवेचा दाब वाढला की पडदा आत दबतो. पडद्याला एक दांडी, दांडीला सुई. सुईपुढे एक नळकांडे सावकाश फिरते आणि त्यावर काजळी धरलेला कागद गुंडाळलेला असतो. सुई काजळी खरवडते आणि काळ्यावर पांढरी रेघ उमटते. बस्स, इतकेच माझे अक्षरज्ञान.

मला घडवले अनेकांनी, पण शिकवले एकटीने. तिचे नाव आग्निया ल्वोव्ना. ती मला काचेच्या घुमटाखाली ठेवी, पंपाने हवा भरी, आणि पाऱ्याच्या नळीकडे आणि माझ्या सुईकडे आळीपाळीने पाही. पारा इतका चढला, तर रेघ इतकी. मग पुन्हा तेच. तिचे समाधान होईपर्यंत कारखान्यातले बाकीचे लोक घरी गेलेले असत. "तू विचारलं तेवढंच सांगतोस," एकदा ती मला म्हणाली. "फार थोड्यांना जमतं ते." मला ती स्तुती वाटली.

मग आम्हाला पेंढ्यात गुंडाळून खोक्यांत भरले आणि आगगाडीने कझाकांच्या माळरानावर आणले. तिथे झाडे नव्हती. वारा होता, आणि दवण्यासारखा कडू वास असलेले करडे झुडूप सगळीकडे माजलेले होते. माझ्या भावंडांपैकी काहींना अणुबॉम्बच्या चाचण्यांसाठी उभारलेल्या मनोऱ्याजवळ, काँक्रीटच्या खड्ड्यांत बसवले. त्यांना फार मान होता. त्यांच्यातले बरेच परत आले नाहीत. जे आले ते ओळखू येत नव्हते. मी लांबच्या कामाचा होतो. माझी सुई नाजूक, म्हणून मला दूरच्या वस्त्यांत नेमले. धक्का घराबाहेर किती लागतो हे मोजायला दुसरे होते. घराच्या चार भिंतींच्या आत तो किती शिरतो, हे मी लिहायचे.

अशा रीतीने मी कोकतासला आलो. डोंगराच्या पायथ्याशी मातीच्या विटांची घरे, मेंढ्यांचे गोठे आणि एक शाळा. त्यात शारबानूचे घर भक्कम होते, म्हणून तिच्या भिंतीत खिळा मारायचे ठरले.

शारबानू विधवा होती. उंच, सरळ, डोक्याला पांढरे वस्त्र घट्ट गुंडाळलेली. सगळी वस्ती तिला आपा म्हणे. तिकडे आईला आपा म्हणतात, आजीलाही, आणि मान द्यायचा असेल अशा कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला. आग्निया ल्वोव्नाबरोबर सार्जंट दुदका होता. हा युक्रेनचा, लाल गालांचा आणि सदा बोलका. तो हातोडी घेऊन खुर्चीवर चढला तेव्हा शारबानू कमरेवर हात ठेवून खाली उभी राहिली.

"न विचारता घरात आलेला पाहुणा पाहिलाय मी," ती म्हणाली, "पण भिंतीवर चढून बसलेला पहिलाच. काय खातो हा?"

"चावी खातो, आपा," दुदका म्हणाला. "दिवसातून एकदा. तुमच्या सुनेपेक्षा कमी त्रास."

"माझ्या सुनेला काही बोलू नकोस. तुझ्या तोंडात चावी घालीन."

सून म्हणजे उमसीन. चुलीपाशी बसून ती चहा गाळत होती. तिने मान खाली घातली आणि ओठ मिटून हसली. सासूसमोर मोठ्याने हसायची रीत नव्हती. तिचा नवरा ओरालबेक मेंढपाळ होता आणि महिन्यातले बरेच दिवस कळपामागे असे. शारबानूने त्या दिवशी सर्वांना दूध घालून चहा दिला आणि एक वाटी माझ्याखालच्या फळीवरही ठेवली. पाहुणा तो पाहुणाच.

माझी पहिली चाचणी उन्हाळ्यात झाली. दुदका सकाळी घरोघर फिरला. त्याने लोकांना दारे-खिडक्या उघडायला लावल्या, चुली विझवायला लावल्या आणि वस्तीबाहेरच्या चरात पालथे झोपायला सांगितले. निघताना त्याने माझी चावी पूर्ण दिली. घर रिकामे झाले. क्षितिजावर एक उजेड झाला, इतका पांढरा की उघड्या खिडकीतून माझ्या काचेवर तो येऊन थडकलाच. मग काहीच नाही. उजेड लगेच येतो आणि हवा मागाहून, पायी आल्यासारखी. बराच वेळ गेला. मग माझा पडदा दबला, सुई वर गेली आणि खाली आली. घरातले पडदे हलले. फळीवरची एक वाटी पडली, ती लाकडाची होती म्हणून फुटली नाही.

संध्याकाळी आग्निया ल्वोव्ना आली. तिने कागद काढला, लाखेच्या पाण्यात बुडवून काजळी पक्की केली आणि वाळत घातला. शारबानू तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"काय लिहिलंय पाहुण्यानं?"

"हा धक्का. इथून वर गेला, इथे खाली आला."

शारबानूने आपले बोट रेघेशेजारी आडवे धरले. तिकडच्या बायका असेच मोजतात. मांसावरची चरबी, खाली पडलेला बर्फ, कापडाची दुमड, सगळे बोटांनी.

"बोटभर," ती म्हणाली.

"हो," आग्निया हसली. "बोटभरच."

"आणि एवढं माझं घर पेलतं?"

"एवढं पेलतं, आपा."

मित्रांनो, हे वाक्य मी माझ्या पितळी कानांनी ऐकले. त्यात काहीही खोटे नव्हते. आग्नियाने त्या दिवसाचे सांगितले. शारबानूने आपल्या घराचे ऐकले.

त्यानंतर आणखी काही धक्के येऊन गेले. कधी बोटभर, कधी अर्धे बोट. एकदा तर सुई हललीच नाही, आणि दुदका म्हणाला की पाहुणा डुलक्या घेत होता. वस्तीत माझे नाव झाले. शारबानू मला लोकरीच्या फडक्याने पुसे आणि कोणी आले की दाखवी. भांडणातही मी शिरलो. "तुझा राग केवढा, बोटभर!" असे बायका एकमेकींना म्हणू लागल्या. शेजारचा म्हातारा चरात झोपायला कुरकुरू लागला, "बोटभर वाऱ्यासाठी माझी कंबर मोडता." मी मात्र खूश होतो. आपल्यावर लोक विसंबतात, याहून यंत्राला आणखी काय हवे असते?

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. मला एकाच गोष्टीचे माप येत होते. पावसातून पडणाऱ्या धुळीचे, त्या धुळीवर वाढलेल्या गवताचे, ते गवत खाणाऱ्या मेंढीच्या दुधाचे माप घेणारी यंत्रे वेगळी असतात. ती मी कोकतासमध्ये कधी पाहिली नाहीत. त्या वर्षांत वस्तीत तान्ही मुले जात होती. उमसीनची दोन गेली. का गेली ते सांगणारी सुई माझ्या डब्यात नाही.

तिसरा मुलगा हिवाळ्याच्या तोंडावर जन्मला आणि राहिला. त्याचे नाव तुरसुन ठेवले. तुरसुन म्हणजे "राहू दे". तिकडे मागची मुले गेली की असे नाव ठेवतात, म्हणजे ऐकणाऱ्याला दया येते. त्याला लाकडी पाळण्यात घातले. त्या पाळण्यात मूल मोकळे नसते. छातीवर एक आणि पायांवर एक, अशा दोन रुंद कापडी पट्ट्यांनी त्याला आवळून बांधतात. पट्ट्या बांधायचा मान शारबानूचा. तिची गाठ कधी सुटत नसे.

आणि एक नियम होता. चाळीस दिवस बाळाने आणि बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही. त्या दिवसांत बाळ धड इथले नसते, असे शारबानू म्हणे. चाळीस झाले की त्याला चाळीस चमचे पाण्याने न्हाऊ घालायचे, जावळ कापायचे, आणि मग जग दाखवायचे. आधीच्या दोघांच्या वेळी हा नियम मोडला होता. एकदा घर गळत होते म्हणून, एकदा दवाखान्यासाठी. शारबानूने ते मनात धरून ठेवले होते.

तुरसुनचे चाळीस व्हायला अजून बराच अवकाश होता तेव्हा आग्निया ल्वोव्ना ट्रकमधून आली. कडाक्याची थंडी पडली होती. तिने माझा कागद बदलला, सुईचे टोक भिंगाखाली पाहिले, आणि मग पाळण्यावरची झालर जरा बाजूला केली.

"अरे! हा कधी आला?"

"आला," शारबानू म्हणाली. नजर लागू नये म्हणून ती कौतुक करत नसे. "कुरूप आहे. रडका आहे."

"आपा, उद्या सकाळी आहे. या वेळचा मोठा आहे. बाळाला चांगलं गुंडाळून बाहेर न्या."

"बाहेर? चाळीस झाले नाहीत त्याचे."

"घटकाभराचा प्रश्न आहे."

"त्या दोघांचाही घटकाभराचाच होता," शारबानू म्हणाली. "आणि या गारठ्यात मातीत निजवू? तुझा वारा बोटभर. थंडी केवढी आहे ते मोज की एकदा."

आग्नियाने अंगातला मेंढीच्या कातड्याचा कोट काढला आणि पाळण्यावर ठेवला. "यात गुंडाळा. मला ट्रकमध्ये दुसरा आहे. पण बाहेर न्याच, आपा. आणि खिडक्या उघड्या ठेवा. बाहेरचा दाब आत पटकन शिरला तर घर वाचतं. कोंडून ठेवलं तर सगळं ओझं छपरावर येतं."

"ठेवते," शारबानू म्हणाली. ती कधी वाद लांबवत नसे.

आग्निया गेल्यावर उमसीन हळूच म्हणाली, "आपा, ती म्हणाली या वेळचा मोठा आहे."

"दर वेळी मोठाच असतो त्यांचा. पाहुणा आहे ना भिंतीवर. तो काय लिहितो ते मी इतकी वर्षं पाहतेय."

उमसीन पाळण्याकडे वळली.

सकाळी दुदका आला. ओरालबेक आणि इतर पुरुष कळप घेऊन डोंगराआड गेले होते. भिंतीशी गोधड्यांचा उंच ढीग रचलेला असे आणि त्यापुढे पडदा असे. पाळणा आणि उमसीन त्या पडद्यामागे होती.

"सूनबाई कुठंय?" दुदकाने विचारले. तो खिडक्यांवरच्या कागदाच्या पट्ट्या फाडून तावदाने उघडत होता.

"माहेरी गेली. कालच. ट्रक मिळाला तिला."

"लहानग्याला घेऊन? या थंडीत?"

"मग काय तुझ्याकडे ठेवून जाणार होती?"

दुदका हसला आणि माझी चावी द्यायला खुर्चीवर चढला. तेवढ्यात पडद्यामागून एक बारीक आवाज आला. दुदकाचा हात थांबला.

"कोण आहे आत?"

"मांजर," शारबानू म्हणाली. "तिलाही चरात निजवतोस? निजव. ओरबाडेल तेव्हा मला सांगू नकोस."

"मांजरांसाठी हुकूम नाही, आपा." त्याने चावी पूर्ण दिली. माझे नळकांडे फिरू लागले. मित्रांनो, मला सगळे दिसत होते आणि मला फक्त दाबच लिहिता येत होता.

दुदका पुढच्या घरी गेला. शारबानू इतरांबरोबर चराकडे निघाली आणि शाल विसरल्याचे सांगून परत आत आली. तिने तावदाने लावली. फटींत लोकर कोंबली. मोठ्या खिडकीवर, जिथून सगळ्यात जास्त थंडी येत होती, तिथे तिने आग्नियाचा कोट टांगला. पडद्यामागे जाऊन पाळण्याच्या पट्ट्या पुन्हा एकदा ताणून पाहिल्या. "निजू दे त्याला," ती म्हणाली. "तूही नीज. मी आलेच."

घरात उमसीन, तुरसुन आणि मी राहिलो. चुलीची ऊब अजून होती. बाळ झोपले होते.

उजेड झाला. कोट टांगलेला असूनही झाला. कोटाच्या कडांभोवती एक पांढरी चौकट पेटल्यासारखी उठली आणि विझली. थोड्या वेळाने जमीन हलली. याआधी जमीन हलली की भांड्यांना जेमतेम कळे. या वेळी चमचे वाटीत खणखणले आणि छपरातून बारीक माती गळाली. उमसीन पडद्याबाहेर आली. तिने वर पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. माझी सुई सरळ रेघ ओढत होती. हवा अजून वाटेत होती.

"माफ करा, आपा," ती रिकाम्या खोलीला म्हणाली.

ती पाळण्याकडे धावली. पाळण्यासकट उचलणे तिला शक्य नव्हते. ती अजून अशक्त होती आणि पाळणा जड लाकडाचा होता. तिने छातीवरची पट्टी सोडायला घेतली. गाठ सासूने बांधलेली. तिने नखे लावली, दात लावले. पट्टी सुटली. बाळ जागे झाले आणि त्याने हात मोकळा ताणला. मग ती पायांवरच्या गाठीकडे वळली.

धुराड्यातून हवेचा पहिला रेटा आत आला आणि माझा पडदा दबला. रेघ बोटभर झाली. तशीच वर गेली. दोन बोटे, चार, मग कागदाची कड संपली आणि सुई बाहेर जाऊन डब्यावर आपटून मोडली. त्याच क्षणी कोटासह खिडकी आत आली. वासे वाकले. छपरावरची माती, जी शारबानू दर शरदात उबेसाठी थोडी आणखी चढवत असे, ती सगळी एकदम खाली आली.

मी मातीखाली पडलो होतो. चावी शिल्लक होती, म्हणून माझे नळकांडे सुईवाचून फिरत राहिले. काही वेळ तान्ह्या मुलाचा आवाज येत होता. नंतर उमसीनचा एकटीचा येत होता.

दुदकाने हातांनी माती उपसली. शारबानू त्याच्याबरोबर उपसत होती. तो प्रत्येक खेपेला "माहेरी म्हणालात, आपा, माहेरी म्हणालात" एवढेच म्हणत होता. उमसीनला जिवंत काढले, तिचा उजवा हात मोडला होता. तुरसुन पाळण्यात होता. पायांवरची पट्टी तशीच बांधलेली होती.

पुढचे मला आग्निया ल्वोव्नाच्या तोंडून कळले. त्या सकाळी माळावरची हवा थंड आणि वरची हवा उबदार होती. अशा दिवशी आवाज वर निसटून जात नाही. वरच्या उबदार थरावरून वळून खाली येतो आणि दूर कुठेतरी दुप्पट होऊन पडतो. तो कोकतासवर पडला. तिने पहाटे फुग्याने घेतलेली मापे पाहून चाचणी पुढे ढकला म्हटले होते. वरच्या अधिकाऱ्याने दूरच्या वस्त्यांचे मागचे आकडे मागवले आणि ते तिच्यापुढे ठेवले. आकडे तिनेच काढलेले होते. सगळे लहान.

मला एका टेबलावर ठेवून त्या माणसाने माझा कागद पाहिला.

"हे यंत्र पडलंय, आग्निया ल्वोव्ना. पडलेल्या यंत्राची नोंद धरत नाहीत."

"पडायच्या आधी रेघ वर गेलीय. पाहा, कडेपर्यंत अखंड आहे."

"आणि कडेनंतर?"

"कडेनंतर कागदच नाही."

"मग आकडा काय लिहू? कागदाबाहेर गेलेल्या रेघेला आकडा नसतो." तो वाईट माणूस नव्हता. त्याला तक्त्यातली चौकट भरायची होती. ती त्याने रिकामी सोडली.

आग्निया मला घेऊन कोकतासला गेली. शारबानू शेजाऱ्यांच्या घरी होती. चहा मांडलेला होता, कारण घरात शोक असला तरी पाहुण्याला चहा द्यावा लागतो. आग्नियाने मला मांडीवर धरले होते.

"तू म्हणालीस बोटभर," शारबानू म्हणाली.

"म्हणाले होते."

"आणि घर पेलतं म्हणालीस."

"तो उन्हाळा होता, आपा. हवा वेगळी होती. खिडक्या उघड्या होत्या."

"हे तेव्हा का नाही बोललीस?"

आग्नियाने माझ्या डब्यावरची माती बोटाने पुसली. "मला वाटलं, आकडा सांगितला की झालं."

शारबानूने तिची वाटी भरली. तिने रागाने काही म्हटले नाही, आणि मला वाटते आग्नियाला राग चालला असता. कोपऱ्यात उमसीन बसली होती. मोडका हात गळ्यात बांधलेला. दूध भरून आल्याने तिच्या अंगरख्यावर दोन ओले डाग पडले होते आणि ती ते दुसऱ्या हाताने झाकत होती.

यानंतर मला कोणी चावी दिली नाही. आग्नियाने मला दुरुस्त करू दिले नाही आणि फेकूही दिले नाही. ती होती तोवर मी तिच्या कपाटात होतो. ती गेल्यावर मी कोठारात गेलो. तिथे उंदरांनी माझ्या चामड्याच्या पट्ट्या खाल्ल्या. काचेवर तडा गेला. बाहेर चाचण्या जमिनीखाली गेल्या, मग थांबल्या. देश बदलला, कुलपे बदलली. शेवटी कोणीतरी कोठार साफ केले आणि मला शहरातल्या एका लहान संग्रहालयात पाठवले. तिथे मला काचेच्या कपाटात ठेवले आणि खाली पाटी लावली: "लांब पल्ल्याचा दाबमापक. नादुरुस्त. नोंद उपलब्ध नाही."

शाळेची मुले येतात, तुमच्याएवढी. ती जवळच्या खड्ड्यांतून आलेल्या, वितळून गोळा झालेल्या माझ्या भावांपुढे गर्दी करतात. माझ्यापुढे कोणी थांबत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही.

मागच्या वसंतात गावाकडच्या काही म्हाताऱ्या बायका बसने आल्या. त्यांतली एक माझ्यापुढे थांबली. तिचा उजवा हात कोपरापासून जरा वाकडा होता. त्या हातावरून मी तिला ओळखले. उमसीन.

संग्रहालयात झादीरा नावाची तरुण मुलगी माहिती सांगते. ती जवळ आली. "हा मोडका आहे, आपा. याच्यात काही नोंद नाही. तिकडचे बघा, चांगले आहेत."

"हा आमच्या घरात होता," उमसीन म्हणाली.

झादीराने तिच्याकडे पाहिले, मग पाटीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. तिने खुर्ची आणून दिली. उमसीन बसली नाही. काचेला हात लावून ती उभी राहिली आणि तिने सगळे सांगितले, जेवढे मी तुम्हाला सांगितले त्याहून थोडक्यात. तरुणपणी जी सासूसमोर हसतही नव्हती, ती आता भरल्या खोलीत स्पष्ट बोलत होती. बाकीच्या बायका मागे गोळा झाल्या.

"सासूला मी कधी बोल लावला नाही," ती म्हणाली. "ती पुढे बरीच वर्षं जगली. नुसतं आभाळ गडगडलं तरी आम्हा सगळ्यांना घराबाहेर काढायची. पावसात भिजवायची. माझ्या मुली हसायच्या तिला. मी नाही हसले."

मग ती म्हणाली, "पाटीवर त्याचं नाव लिही, पोरी. माझ्या मुलाचं."

झादीराने पाटीकडे पाहिले. "जागा फार थोडी आहे, आपा."

"थोडी पुरेल," उमसीन म्हणाली. "तोही लहानच होता."

मित्रांनो, मला पुसून चकचकीत करा असे मी म्हणणार नाही. मला नवी सुई बसवा असेही नाही. मागणे एवढेच आहे. कोणी तुम्हाला आकडा दाखवून निर्धास्त राहा म्हणाले, तर त्याला विचारा की हे माप कोणत्या दिवशी घेतले, तेव्हा हवा कशी होती, खिडक्या उघड्या होत्या की बंद. आणि तुम्ही स्वतः कधी मापे घेऊ लागलात, तर हे सगळे कोणी विचारण्याआधी सांगा. यंत्राने न सांगितलेले तुम्हालाच सांगावे लागेल. आम्हाला बोलता येत नाही.

झादीराने नव्या पाटीसाठी वर विचारले आहे. उत्तर यायचे आहे. या वसंतात उमसीन आली नाही. नवी पाटी लागेपर्यंत माझ्या खाली "नोंद उपलब्ध नाही" असेच वाचाल. ते वाचून झाले की कपाटासमोर क्षणभर थांबा आणि ते नाव तुमच्या तोंडाने एकदा म्हणा. तुरसुन. उमसीनचा मुलगा, कोकतासचा.